पिशव्या कुणी बांधल्या

रोज सकाळी नऊ वाजता बारामतीतल्या आमच्या ऑफिसात एक फोन वाजायचा आणि त्यावर कुणीच बोलायचं नाही. दोनदा खट्ट असा आवाज, मग लाइन बंद. मी रजिस्टरमध्ये बरोबरची खूण करायचो. इंदापूर रस्त्यावरच्या कापसाच्या गोदामातलं अलार्मचं यंत्र आपण जिवंत असल्याचं कळवत असे.

नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. आमची एजन्सी आगीच्या अलार्मचे दोन प्रकारचे करार करायची. देखरेखीच्या करारात अलार्म वाजला की यंत्र आपोआप आम्हाला फोन लावणार आणि मी बंब बोलावणार. देखभालीच्या करारात दर तीन महिन्यांनी मेकॅनिक शिडीवर चढून छताच्या प्रत्येक डिटेक्टरला उदबत्तीचा धूर देऊन बघणार. गोदामाच्या मॅनेजरने पहिल्या वर्षी दोन्ही करार केले. दुसऱ्या वर्षी म्हणाले, "तुम्ही रोज बघताच की. मग त्या मेकॅनिकला कशाला वर-खाली नाचवायचं?"

नऊचा फोन फक्त लाइन चालू असल्याचं सांगतो. वरच्या डिटेक्टरला धूर कळतो की नाही, हे तो सांगत नाही. मला ते पक्कं ठाऊक होतं. गिऱ्हाईक जाऊ नये म्हणून मी म्हणालो, "चालेल."

त्या वर्षी खंडेनवमीला मॅनेजरांचा फोन आला. आदल्या वर्षी गोदामातल्या पूजेच्या धुपाने अलार्म वाजला होता, बंब दारात आला होता आणि पाहुण्यांसमोर त्यांची शोभा झाली होती. यंदा काहीतरी बंदोबस्त करा म्हणाले. मी स्कूटरवर गेलो. छताच्या पाचही डिटेक्टरांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून रबरबँडने आवळल्या. शिडी धरायला गोदामाचे राखणदार होते. सणसरचे, साठीला आलेले. सगळे त्यांना तात्या म्हणायचे.

"साहेब, घाण्याच्या बैलाला झापडं बांधत्यात, तसंच हे," तात्या खालून म्हणाले. "ह्ये बी बुजत्यात व्हय?"

"धुपाला बुजतात. तासाभराचं काम आहे, तात्या."

"तासाभरानं सोडा म्हंजे झालं. बैल तरी डोकं हालवून झापड पाडतोय."

पूजा झाली, पानं वाढली गेली. मी पहिला घास घेतोय तोच ऑफिसातून निरोप आला, इंदापुरात एका दवाखान्याचा अलार्म थांबत नाहीये. मी हात धुऊन निघालो. जाताना तात्यांना म्हणालो, "शिडी राहू द्या. येतोच परत."

मी परत गेलो नाही.

तीन दिवसांनी तात्यांचा फोन आला. "शिडी हितंच हाय, साहेब. येताय न्हवं?" येतो म्हणालो. आठवड्याने पुन्हा फोन. तोवर मला उत्तर सापडलं होतं. "तात्या, वर चढायचं काम देखभालीत येतं. तुमचा करार फक्त देखरेखीचा आहे. मॅनेजरांना सांगा."

"त्यांनी तुमाला इचार म्हणून सांगितलं." मग ते म्हणाले, "मीच चढू का? पिशव्याच तर हायत्या."

"हात लावू नका," मी म्हणालो. "काही बिघडलं तर तुमच्यावर येईल."

दिवाळी गेली, संक्रांत गेली. फोन रोज नऊला येत होता. त्या रस्त्याने जाताना माझी स्कूटर आपोआप जोरात पळायची. गोदामाकडे मी मान वळवत नसे.

फाल्गुनात एका दुपारी आग लागली. त्या दिवशीही नऊची खूण केलेली होती. कापसाच्या गाठी आतून किती वेळ धुमसत होत्या कुणास ठाऊक. धूर दाराच्या फटीतून बाहेर आला तेव्हा तात्यांनी पाहिला. आत हमाल जेवून पडले होते. तात्यांनी सगळ्यांना बाहेर काढलं. लोखंडी दार ओढताना त्यांचे दोन्ही तळहात भाजले. आमचा फोन मात्र वाजला नाही.

जळलेल्या छताला वितळलेलं प्लास्टिक चिकटलेलं सापडलं. चौकशी झाली. राखणदाराला झोपमोड नको होती, म्हणून त्यानेच पिशव्या बांधल्या असणार, असं कुणीतरी म्हणालं. मॅनेजर गप्प बसले. तात्या म्हणाले, "पिशव्या साहेबांनी बांधल्या, हात लावू नका म्हणून बी त्यांनीच सांगितलं व्हतं." मला विचारलं गेलं. मी रजिस्टर पुढे केलं. रोजच्या खुणा दाखवल्या आणि म्हणालो, "असं काही केल्याचं-बोलल्याचं मला आठवत नाही."

तात्यांनी माझ्याकडे पाहिलं. हातांना पट्ट्या होत्या. त्यांची नोकरी गेली. पुढे सणसरला चारचौघांत कुणीही "झोपलेला राखणदार" म्हणून टोमणा मारायचं आणि ते पारावरून उठून जायचे, हे मला फार उशिरा कळलं. तोवर ते गेले होते.

त्यांची मुलगी इंदापुरात शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात तिच्या दारात गेलो आणि सगळं सांगितलं. तिने पाणी दिलं. मग मला म्हणाली, "आबा, तोंडी नको. लिहून द्या. आई अजून आहे. तिला वाचून दाखवायचंय, आणि मग पारावरही."

म्हणून हे लिहिलं. पारावर वाचताना बाकीचं वगळलं तरी चालेल, एवढं वाचावं. पिशव्या मी बांधल्या. सोडू का म्हणून तात्यांनी विचारलं होतं. नको, असं मी सांगितलं, आणि ते मला तेव्हाही नीट आठवत होतं.