घर तथास्तु म्हणतं तेव्हा

हे आता बरे आहेत, म्हणून लिहायला धीर होतोय. त्या हिवाळ्यात पोटाच्या ऑपरेशनसाठी यांना यवतमाळला भरती केलं होतं. सोबत दीर होते. घरी मी, सासूबाई आणि दुसरीतली माझी लेक. आतल्या खोलीत टिनाच्या छतापर्यंत कापूस भरलेला. त्या खोलीत बोललं की आवाज पुढे जात नाही. तोंडातून निघतो आणि तिथेच बुडतो.

एकदा लेक रुसून म्हणाली, "बाबा आता येतच नाही घरी."

सासूबाईंनी लगेच तिच्या तोंडावर हात ठेवला. "असं अभद्र नोको बोलू वं! वास्तू तथास्तु म्हनते."

आमच्याकडे सगळेच असं म्हणतात. पण लेकीनं ते मनावर घेतलं. तेव्हापासून तिचं बोलणं बंद. ताटातली भाकरी अर्धी उरू लागली. शाळेतून आली की ती भिंतीला कान लावून उभी राहायची. मी हाक मारली की ओठावर बोट ठेवायची. मलाही भांड्याचा आवाज करायची भीती वाटू लागली. दुपारी घर इतकं गप्प व्हायचं, की वाटायचं तेच आमचं ऐकत बसलंय.

एका दुपारी ती कुठे दिसेना. कापसाच्या खोलीत सापडली. ढिगात गळ्यापर्यंत रुतलेली, डोळे सताड उघडे. मी जवळ गेले तशी पुटपुटली, "आई, तथास्तु म्हनून राह्यलं ते घर. आयक."

कापसातून बारीक, स्स् असा आवाज येत होता. कापूस दबून खाली बसतो तेव्हा येतो, मला माहीत आहे. तरी अंगावर काटा आला.

मला चारचौघांत बोलता येत नाही, लेकराला काय समजावणार? सुचलं ते बोलले. "तथास्तु म्हनते ना? मंग त्याले चांगलं सांग. बाबा येतीन म्हन."

"पह्यलं बोललेलं पुसून टाकते का पन?"

"मले नाही मालूम. बोलून तं पाय."

ती बाबांचं नाव घ्यायला धजत नव्हती. मग हळूच म्हणाली, "उद्या शाळेले सुट्टी."

स्स्, कापसातून आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं दारातूनच दप्तर फेकलं. "आई, घर लबाड हाये! सुट्टी नाही न काही नाही. उलट बाईनं पाढे लिहाले लावले!"

"घराले लबाड म्हनते का वं, कार्टे?" सासूबाई ओरडल्या.

"हाये तं हाये! त्याचं काईच खरं होत नाही!" आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाबा येतीन! शनवारी येतीन!" मग दोन भाकरी खाल्ल्या.

शनिवारी हे आले नाहीत. मी भीतभीत तिच्याकडे पाहिलं.

"मंग सोमवारी येतीन," ती म्हणाली आणि खेळायला पळाली.

मी मात्र उठले आणि ते स्स् ऐकू येऊ नये म्हणून आतल्या खोलीचं दार ओढून घेतलं.