सतराव्या पानावरची विमानं

"नवरी विमानात कुणी बसवली, एवढंच विचारतोय मी. सोपा प्रश्न आहे."

"मी बसवली. पाचव्यांदा सांगतेय," रुचिता म्हणाली. "समिधा पुढच्या मोठ्या विमानात, भूपेश मागच्या छोट्या विमानात, आणि मधे नळी. नळीवर बदाम टाकलेत लाल. ते तुम्ही बघतच नाही, पप्पा."

"बदाम दिसले मला! बदामांचंच बोलतोय!"

"मग इतकं ओरडायला काय झालं?" स्वयंपाकघरातून सुचेता म्हणाली. "भूपेशच्या आईला फोनवर पाठवलं ते पान. रडली ती. म्हणाली, आमच्या खानदानात कुणी विमानात बसलं नव्हतं."

"अजूनही बसलेलं नाही!" उत्तम ओरडला.

रविवारची दुपार. गोडदेवच्या नाक्यावर खाली 'सुचेता फोटो स्टुडिओ' आणि वर वैतींचं घर. जेवणाच्या टेबलावर भूपेश आणि समिधाच्या लग्नाचा अल्बम सतराव्या पानावर उघडा पडला होता आणि बोंबलाच्या कालवणाचं पातेलं त्याच्यापासून चार बोटांवर होतं. अल्बम सकाळीच छापून आला होता. उत्तमचा मुलगा अभिनव रविवार असूनही ऑफिसला गेला होता. या घरातलं व्यवहारज्ञान बहुतेक त्याच्याच वाट्याला आलेलं. उरलेल्या तीन बायकांना, म्हणजे उत्तमची बायको सुचेता, सून रुचिता आणि आई हौसाबाई यांना, भूक लागली होती. उत्तमला राग आला होता. म्हणून कुणीच जेवत नव्हतं.

राग का आला होता, ते सांगायचं तर थोडं मागे जावं लागेल.

उत्तम हा धर्माजी वैतीचा एकुलता एक मुलगा. धर्माजीची होडी होती, जाळी होती, आणि पोराला होडीत पाय ठेवताक्षणी ओकारी यायची. सगळे उपाय झाले. लिंबू झालं, नवस झाला, कुणीतरी सांगितलं म्हणून खाडीचं पाणी पाजून झालं, त्याने तर जास्तच झाली. "कोळ्याचा पोर आन् पाण्याला भितो," हे हौसाबाईने पुढची चाळीस वर्षं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगितलं. शेवटी धर्माजीने हात टेकले आणि पोराने कॅमेरा धरला. कॅमेरा जमिनीवर उभं राहून चालवता येतो, एवढाच त्या निवडीमागचा विचार.

पण उत्तम त्यात तयार झाला. भाईंदरपासून हाटकेशपर्यंत लग्न म्हटलं की सुचेता स्टुडिओ. मिटलेले डोळे तो उघडायचा. रुसून लग्नाला न आलेल्या काकाला ग्रुप फोटोत दुसऱ्या रांगेत उभा करायचा, तोही हसरा. एका नवऱ्यामुलाच्या खांद्यामागे त्याची जुनी मैत्रीण आली होती, ती उत्तमने काढली आणि तिच्या जागी फुलदाणी ठेवली. अल्बम बघणाऱ्यांनी फुलदाणीचं फार कौतुक केलं. स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर 'बॅकग्राउंड' नावाचा एक फोल्डर होता. त्यात बर्फाचे डोंगर, फुलांच्या बागा आणि एक निळं तळं होतं. गोडदेवमधली निम्मी जोडपी हातात हात घालून त्या तळ्याकाठी चालली आहेत. तळं कुठल्या देशात आहे, ते उत्तमलाही माहीत नाही.

रुचिता सून होऊन आली तेव्हा तिचा डिझाइनिंगचा कोर्स झालेला होता, म्हणून अल्बमचं काम तिच्याकडे आलं. पहिल्याच दिवशी उत्तमने तिला धंद्याचा नियम सांगितला, "ज्या फोटोत माणूस नाही, तो बॅकग्राउंड. जास्त विचार करायचा नाही."

विमानांचं खूळ शांती नगरमधल्या एका लग्नघरी लागलं. नवरीचे वडील हवाई दलातून रिटायर झालेले. त्यांच्या हॉलमधल्या कॅलेंडरवर एक फोटो होता. पुढे एक अवाढव्य विमान, त्याच्या पंखातून मागे सोडलेली लांब नळी, नळीच्या टोकाला टोपलीसारखं काहीतरी, आणि त्या टोपलीत नाकाजवळचा दांडा खुपसून उडता उडता तेल भरून घेणारं लढाऊ विमान.

"हे खरं आहे?" उत्तमने विचारलं.

"म्हणजे?"

"म्हणजे जोडलंय की जोडलेलं आहे?"

त्या गृहस्थांना फोटोवाल्याचा हा प्रश्न कळला नाही. उत्तम मात्र नवरी सोडून कॅलेंडरसमोर उभा राहिला. स्टेजवर ठोकळ्यासारख्या उभ्या असलेल्या दोन माणसांचे डोळे एका वेळी उघडे सापडत नाहीत. इथे ताशी पाचशे किलोमीटरने धावणारी दोन विमानं एका नळीने जोडलेली, आणि कुणीतरी नेमकं तेव्हाच बटण दाबलं होतं.

घरी त्याने हे सगळं हातवारे करून सांगितलं. "म्हंजे वासरू गायला लुचतंय," हौसाबाई म्हणाली. "त्यात काय न्यारं हाय?"

"पंप आहे की नाक्यावर," सुचेता म्हणाली. "तिथे काढा फोटो. रोज जोडतायत."

उत्तमने ऐकलं नाही. आधी गच्चीवरून मुंबईला उतरणारी साधी विमानं टिपून हात बसवला. त्यात समोरच्या बिल्डिंगमधल्या शैलाताईंनी लांब लेन्स आपल्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दिशेने असल्याची तक्रार केली. सुचेताने मधे पडून मिटवलं. "शैलाताई, तुमच्याकडे बघायला त्यांना इतकी मोठी लेन्स लागणार नाही," असं ती म्हणाली, आणि त्या दोघी आजतागायत बोलत नाहीत.

मग गेल्या डिसेंबरात समुद्रावर हवाई दलाच्या कसरती होणार आणि तीन दिवस सराव चालणार असं पेपरात आलं. उत्तमने बोरिवलीहून हातभर लांब लेन्स भाड्याने आणली आणि उत्तनच्या टेकडीवर जाऊन बसला. पहिल्या दिवशी धुरकट हवेत विमानं नुसती ऐकू आली. दुसऱ्या दिवशी मधे घार आली आणि कॅमेऱ्याने विमान सोडून घार पकडली. घारीचे एकशेवीस फोटो आले, सगळे उत्कृष्ट. तिसऱ्या दिवशी आकाश लख्ख होतं. तेल देणारं मोठं विमान आलं, पंखातून नळी सुटली, मागून लढाऊ विमान सरकत पुढे आलं. उत्तमने बटणावर बोट ठेवलं ते उचललंच नाही. चाळीस सेकंद, चारशे फोटो. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर उन्हात काही दिसेना. त्यात डाव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात. आणि संध्याकाळी भूपेशची हळद. त्याने कार्ड रुचिताच्या हातात दिलं, "रिकामं कर पटकन," म्हणाला आणि कॅमेरा घेऊन मांडवात गेला.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर उघडला, तर पडद्यावर तो फोटो. दांडा टोपलीत. जोडलेला.

उत्तम खुर्चीवरून उठला आणि स्टुडिओत पासपोर्ट फोटोसाठी येऊन बसलेल्या अनोळखी माणसाला त्याने मिठी मारली. नाक्यावर पेढे वाटले, फोटो मोठा छापून स्टुडिओच्या भिंतीवर लावला. फोटो मुंबईतल्या एका विमानप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनासाठी पाठवला. बाराशेतून चाळीस निवडले, त्यात त्याचा होता. अर्जावर एक ओळ होती, 'चित्रात काहीही जोडलेलं किंवा काढलेलं नाही.' असल्या ओळीखाली बिनधास्त सही करण्याची उत्तमची आयुष्यातली ती पहिली वेळ. त्या सहीचाही त्याने फोटो काढून ठेवला होता.

प्रदर्शन येत्या शनिवारी होतं. आणि आज सतरावं पान समोर आलं.

"आयुष्यात एकच फोटो खरा काढला मी," उत्तम आता म्हणत होता. आवाज खाली आला होता, ते जास्त वाईट. "बाकी सगळं बनवलं. डोळे बनवले, काका बनवले, तळं बनवलं. हा एक होता तसा होता. त्यात तू भूपेशचं डोकं घुसवलंस."

"बॅकग्राउंडमध्ये होता तो, पप्पा! माणूस नाही त्यात, मग बॅकग्राउंड. तुमचाच नियम."

"त्याला हात लावायचा नव्हता!"

"काय सारखं खरा, खरा!" रुचिताचा तोल गेला. "ती नळी मी जोडलीय."

कालवणावर आलेली माशी सुचेताने हाकलली.

"काय केलंस?" उत्तमने विचारलं.

"जोडली," रुचिता हळू आवाजात म्हणाली. "तुटक होती. मला वाटलं, खराब आलाय फोटो. तार आडवी आली तर काढायची, काही तुटलं असेल तर जोडायचं, हे तुम्हीच शिकवलं ना. चारशेतला एक ठेवला, बाकीचे उडवले, आपण पोजचे उडवतो तसे. दुसऱ्या दिवशी मी सांगायला आले, तर तुम्ही त्या माणसाला मिठी मारून उभे होता. मग पेढे आले. मग सांगायचं कसं?"

"चारशेत एकाही फोटोत जोडलेलं नव्हतं?"

"नव्हतं, पप्पा. मी सगळे बघितले. जवळ येतं आणि राहतं."

"काय झाला?" हौसाबाईला कमी ऐकू यायचं. "कोन राहिला?"

"वासरू लुचलंच नाही, आई," सुचेता कानाशी मोठ्याने म्हणाली. "सुनेने लावलं."

"मंग बरा केलान. उपाशी का ठेवायचा त्याला?"

उत्तम जिना उतरून स्टुडिओत गेला. गिऱ्हाईक पुढे भांडायला आलं तर असावा, म्हणून प्रत्येक कामाचा मूळ फोटो 'कच्चा' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवायची पद्धत होती. रुचिताने ती पाळली होती. तो फोटो त्याने उघडला. दांडा आणि टोपली यांच्यात करंगळीच्या नखाएवढं आकाश होतं. निळं, रिकामं, निर्लज्ज आकाश. तो चित्र मोठं करत गेला. नखाचं वीतभर झालं. टोपली जरा कलली होती. आणि लढाऊ विमानाच्या काचेआड एक ठिपका होता. तो आणखी मोठा केला, तर हेल्मेट निघालं, किंचित वर झालेलं. सुईत दोरा ओवताना सुचेताची मान होते ना, अगदी तशी. रुचिताने फोटोतली काच साफ करताना हा ठिपका धूळ समजून पुसला होता. भिंतीवरच्या दोन हात लांब प्रिंटमध्ये तो कुठेच नव्हता.

"यात माणूस आहे की," उत्तम मोठ्याने म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

वर येईपर्यंत सुचेताने धोरण ठरवून टाकलं होतं.

"हे बघा," ती म्हणाली, "झालं ते झालं. आपण चौघं सोडून कुणाला माहीत आहे? शनिवारी दोन गाड्या सांगितल्यात. माझा ब्लाउज शिवून आलाय. तुमच्या आईने अर्ध्या मासळी बाजाराला आवतण दिलंय, त्यातल्या आनंदीने तर नातवाला शाळेतून सुट्टी घ्यायला लावलीय. गेले दोन महिने मी सांगत फिरतेय, आमच्या ह्यांचा फोटो लागलाय म्हणून. त्या शैलाच्या कानावर जावं म्हणून मुद्दाम गच्चीत उभं राहून सांगितलंय. आता काय सांगू?"

उत्तम खुर्ची ओढून बसला.

"एवढ्या फुलदाण्या ठेवल्यात तुम्ही लोकांच्या लग्नात. एक नळी ठेवली सुनेने, तर आभाळ कोसळलं?"

"त्या फुलदाण्यांखाली मी सही नव्हती केली."

"सही काय! सही तर तुम्ही सोसायटीच्या अर्जावरपण न वाचता करता."

"ही वाचून केली होती."

सुचेताकडे यावर उत्तर होतं, नव्हतं असं नाही, पण तिने ते ठेवून दिलं. सत्तावीस वर्षांत नवऱ्याचा हा आवाज तिने फार तर दोनदा ऐकला होता. दोन्ही वेळा वाद घालून उपयोग झाला नव्हता.

रुचिताने मधेच नाक ओढलं. "अल्बमचं पान मी बदलते, पप्पा. तळ्याचं टाकते. प्रेसवाल्याला आजच सांगते."

उत्तमने टेबलावरचा अल्बम स्वतःकडे ओढला. समिधा मोठ्या विमानाच्या खिडकीतून हसत होती. भूपेश हेल्मेटशिवाय, फेट्यासकट लढाऊ विमान चालवत होता. मधली नळी घट्ट, बदामांनी लगडलेली. त्याने पानावरून हात फिरवला, कोपऱ्यात उडालेला कालवणाचा शिंतोडा बोटाने पुसला आणि अल्बम मिटून खोक्यात ठेवला. मग ताट पुढे घेतलं.

"पान तसंच जाऊ दे," तो म्हणाला. "चांगलं झालंय. लग्नात जोडलेलंच पाहिजे."

"आणि शनिवारचं?" सुचेताने विचारलं.

उत्तमने भात कालवला, एक काटा बाजूला काढला.

"फोटो मी मागे घेतोय. मंडळाला सकाळी फोन करून काय ते खरं सांगतो. भिंतीवरचा उतरवायचा, कच्चा छापून तिथे लावायचा. गाड्या नको म्हणून सांग. आणि परत सराव असेल तेव्हा त्या आठवड्यात हळद घ्यायची नाही. कुणाचीही."