मोमिनपुऱ्यातलं पुढचं टेबल

आज लेकीच्या घरी खिमा शिजत होता आणि त्या वासानं मला पन्नास वर्षांपूर्वीच्या मोमिनपुऱ्यात नेलं. होस्टेलमधली माझी मैत्रीण रशिदा फक्त हलाल खायची, म्हणून आम्ही दोघी तिथल्या एका हॉटेलात गेलो. मालक म्हणाला, "बेटा, बायका इथं बसत नाहीत. पार्सल घेऊन जा."

रशिदा सरळ पुढच्याच टेबलाशी बसली. "काहून, चाचा? भूक का माणसायलेच लागते, बायायले नाही?"

सगळे पुरुष आमच्याकडे बघत राहिले. शेवटी मालकानं खिमा-रोटी आणून ठेवली. आम्ही मुद्दाम सावकाश जेवलो. टेबलाखाली रशिदानं माझा हात घट्ट धरला होता. तेव्हा वाटलं, ती मला धीर देतेय. आज वाटतं, धीर तिलाही हवा होता.

पुढच्या रविवारी आम्ही होस्टेलच्या आणखी चौघींना घेऊन तिथंच जाऊन बसलो.