युनियनवाले भाऊ

"डोकी सांभाळा!"

स्टेजवर वरून दिव्यांचा दांडा खाली उतरवायचा असला की ते असं ओरडायचे. आधी इंग्रजीत, मग मराठीत. खाली मराठी माणूस असो वा नसो. त्यांच्याबरोबरच्या गोऱ्या आणि मेक्सिकन माणसांनाही ते पाठ झालं होतं. एकदा ते रजेवर असताना एका उंच गोऱ्या माणसानं "डोकी सांबाला" असं ओरडून दांडा खाली सोडला. अख्ख्या थिएटरात मी एकटीच हसले.

मी त्यांना भाऊ म्हणत असे. बाकी सगळे काका म्हणत. ते मूळचे नागपूरचे. इंजिनिअर व्हायला अमेरिकेत आले, कॉलेज अर्ध्यात सोडलं आणि थिएटरात दिवे लावणारे झाले. कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आमची बहुतेक माणसं कॉम्प्युटरवाली. कुणाच्या घरी जेवणाला गेलं की नवा माणूस हमखास विचारी, "काका, तुम्ही कुठल्या कंपनीत?" भाऊ म्हणत, "मी अंधारात असतो." तो माणूस हसे आणि समोशाकडे वळे. पुढचा प्रश्न कुणी विचारत नसे. असा माणूस तुमच्याही ओळखीत असेल; प्रत्येक जेवणाला बोलावलेला आणि कुणी फारसा न विचारलेला.

लेकीनं काढून दिलेल्या ग्रीन कार्डवर मी तिच्याकडे नातीला सांभाळायला आले, ते साल दोन हजार तीन. साताऱ्यात मी शिवणकाम करत असे. हे कळल्यावर मराठी मंडळानं दिवाळीच्या नाटकाचे कपडे माझ्याकडे दिले. तालमीला थिएटरात गेले तर इस्त्रीचं टेबल एका कोपऱ्यात आणि प्लग दुसऱ्या कोपऱ्यात. मी टेबल उचललं.

"ठेवा ते खाली," शिडीवरून आवाज आला, भाऊंचा.

"जड नाही हो," मी म्हटलं.

"जड-हलक्याची गोष्ट नाही जी. ते उचलणं आमच्या माणसाचं काम आहे. आज तुम्ही उचलता, उद्या मालक म्हणेल, टेबल उचलायला माणूस पाहिजेच कशाला?"

एक माणूस आला आणि टेबल कुठं हवं ते त्यानं मला विचारलं. मला बोटानं जागा दाखवायला सुद्धा संकोच वाटला.

मंडळाच्या मुलांना मात्र या नियमांचा राग यायचा. सगळी हुशार मुलं, स्वतःच्या हातानं कामं उरकणारी. "एक खुर्ची सरकवायची तर काकांची परमिशन! यार, हे टू मच आहे." भाऊंच्या कानावर ते जायचं. मग ते शिडीवरून उतरत, स्वतः खुर्ची सरकवत आणि म्हणत, "सरकली. आता करा नाटक."

त्याच थिएटरात कपड्यांच्या खोलीत बाई हवी होती. भाऊंनी मला तिथल्या मुख्य बाईकडे, लिंडाकडे नेलं. लिंडानं माझ्यासमोर अस्तर फाटलेला एक कोट ठेवला. मी तो नीट करून दिला, आणि मला काम मिळालं. कामाबरोबर युनियनही आली. युनियन म्हणजे भांडण, असं मला वाटे. मी तसं भाऊंना म्हटलं.

"भांडण नाही जी. जेवण," ते म्हणाले.

पहिल्याच दिवशी दुपारी मी एका झग्याची किनार संपवत बसले होते. भाऊ आले आणि त्यांनी भिंतीवरचं बटण बंद केलं. मशीन थांबलं.

"जेवा."

"एवढं एक संपवते, भाऊ."

"ते कधी संपत नसते. जेवायची वेळ करारात लिहिली आहे. आमच्या आधीची माणसं त्यासाठी भांडली. तुम्ही शिवत बसल्या तर त्यांचं भांडण वाया गेलं न."

मी जेवावं म्हणून माझं मशीन आजवर कुणी बंद केलं नव्हतं. मागच्या बोळात बाकावर बसून मी भाकरी खाल्ली. भाऊंच्या डब्यात झुणका होता, थोडा लागलेला. "मीच केला," ते म्हणाले. "बायको म्हणते, दिवे बरे लावता, गॅस मात्र तुम्हाला लावता येत नाही."

वहिनींना संधिवात होता. हातापायांचे सांधे धरलेले. एक इंजेक्शन होतं, ते वेळेवर मिळालं की त्या पोळ्या लाटत, फुलपुडीची गाठ सोडवत. चुकलं की त्यांना चहाचा कपही धरता येत नसे. ते इंजेक्शन विम्याशिवाय आमच्यासारख्यांना घेणं शक्य नव्हतं, आणि विमा होता युनियनच्या कराराचा. भाऊ हे कुणाला सांगत नसत. मला वहिनींनी सांगितलं, पोळी लाटता लाटता.

निवडणूक आली की भाऊ अंधारातून बाहेर येत. युनियनची माणसं दारोदार फिरत, फोन करत. इकडे मतपत्रिकेवर उमेदवारांबरोबर कायद्यांचे प्रश्नही असतात; एका वर्षी प्रश्न होता, युनियननं सभासदांची वर्गणी राजकारणात वापरण्यावर बंधन घालायचं का. भाऊंना तो मोडून काढायचा होता. "कायदे करणारे राजकारण करतात, मालक राजकारण करतात. आम्हीच तेवढे गप्प बसायचे का?" देशी लोकांच्या गल्ल्या त्यांनी मागून घेतल्या आणि मला बरोबर नेलं. बाईमाणूस बरोबर असलं की दार उघडतं, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांच्या मागे उभी राहून नुसती हसत असे.

पहिलं दार एका पुण्याच्या मुलानं उघडलं. भाऊंनी सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"काका, मी व्हिसावर आहे. मला इथे व्होट नाही."

"बरं. शेजारी?"

"तोही व्हिसावर."

"समोरचे?"

"ते ग्रीन कार्डवाले. त्यांनाही नाही."

भाऊंनी गल्लीवरून एक नजर फिरवली. "म्हणजे एवढ्या मोठ्या गल्लीत मत कोणालाच नाही?"

"कोपऱ्यावर एक म्हातारी अमेरिकन बाई राहते, तिला असेल."

"मग चहा तरी पाज बाबा," भाऊ म्हणाले, आणि आम्ही आत जाऊन चहा प्यालो. नंतर कोपऱ्यावरच्या बाईकडेही गेलो. ती आधीच युनियनच्या बाजूची निघाली. भाऊ खूश होऊन परत आले. निवडणुकीत लोकांनी ते बंधन नाकारलं, तेव्हा त्यांनी थिएटरात सगळ्यांना पेढे वाटले.

दोन हजार सात साली करार संपला. थिएटरच्या मालकाचं म्हणणं असं की दिव्यांची आणि स्टेजची माणसं यापुढे बाहेरच्या कंपनीकडून रोजावर आणायची. रोजावरच्या माणसांना विमा नाही. बोलणी फिसकटली आणि संप झाला. कपड्यांच्या खोलीतल्या आम्हीही बाहेर पडलो. लिंडा सगळ्यांत पुढे. दारासमोरच्या फुटपाथवर फलक घेऊन गोल गोल फिरायचं. मला लाज वाटे. मी फलक तोंडासमोर धरत असे.

"खाली घ्या जरा," भाऊ म्हणत, "खांबाला धडकसान."

आणि त्यानंतरचा पहिला कार्यक्रम होता आमच्याच मंडळाचा, दिवाळीचा.

भाऊंनी मला समजावून सांगितलं. कार्यक्रमाच्या शनिवारी थिएटर अंधारात राहिलं, तर मालकाला बोलायला बसावं लागेल. तो शनिवार बाहेरच्या माणसांकडून पार पडला, तर आपल्यावाचून अडत नाही हे त्याला कळेल. मग विमा गेला.

आम्ही दोघं मंडळाच्या अध्यक्षाकडे गेलो. तरुण, भला मुलगा. माझ्या जावयाचा मित्र. त्याच्या बायकोनं पोहे केले.

"एक शाळेचा हॉल मिळून राहिला आहे," भाऊ म्हणाले. "दिवे मी स्वतः लावून देतो. फुकट."

"काका, शाळेत स्टेज केवढं असतं! पुण्याहून कलाकार येतायत. मुलांनी तीन महिने प्रॅक्टिस केलीय. आता कॅन्सल केलं तर लोक मला खातील."

"कॅन्सल नको करू. जागा बदल."

"काका, तुम्ही आमचेच आहात. पण मंडळ पॉलिटिक्समध्ये पडत नाही."

भाऊंनी पोहे संपवले. "छान झाले," ते त्याच्या बायकोला म्हणाले. बाहेर येऊन गाडी सुरू केली आणि वाटेत फक्त एवढंच म्हणाले, "विम्याचं मी त्याला सांगायला पाहिजे होतं का?"

"मी सांगू?" मी विचारलं.

"नको. बायकोच्या दुखण्यावर मंडळ नाही चालवायचं."

शनिवारी दुपारी गाड्या येऊ लागल्या. जरीच्या साड्या, कुर्ते, गजरे. आम्ही फलक घेऊन फिरत होतो. आमच्या माणसांना मोठा संकोच झाला. असं तोंडासमोरून जायचं कसं? मग कुणाला तरी सुचलं, आणि दोघी-तिघी फराळाची ताटं घेऊन आमच्याकडे आल्या. चकल्या, करंज्या, बेसनाचे लाडू. "हॅपी दिवाळी" म्हणत त्यांनी सगळ्या संपकऱ्यांना फराळ दिला, थंडीत उभे आहात म्हणून हळहळल्या, आणि आमच्यामधूनच थिएटरात निघून गेल्या.

लिंडा हातातल्या करंजीकडे बघत राहिली. तिनं भाऊंना विचारलं, ही माणसं आपल्या बाजूची आहेत की विरुद्ध?

"माझी आहेत," भाऊ म्हणाले. "खाऊन घ्या."

लिंडानं करंजी खाल्ली. इतरांनीही खाल्ली. भाऊंनी आपला लाडू रुमालात बांधून खिशात ठेवला, वहिनींसाठी.

मग माझी लेक, जावई आणि नात आली. नात नऊवारी नेसली होती, नाच होता तिचा. लेक माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, चल ना गं आत. प्लीज."

"तुम्ही व्हा पुढे."

नात थांबली. "आजी, aren't you coming?"

"मी इथून ऐकीन."

ती गेली आणि थोड्याच वेळात धावत बाहेर आली. कासोटा सुटला होता, आत कुणालाच तो घालता येत नव्हता. मी फलक भिंतीला टेकवला आणि तिथेच फुटपाथवर गुडघ्यांवर बसून तिची साडी परत नेसवली. पिना लावल्या. मला वाटलं, संपावरच्या बाईनं हे करायचं नसेल. मी भाऊंकडे पाहिलं.

"फुटपाथ आपला आहे," ते म्हणाले. "घट्ट बांधा. पोट्टी नाचताना सुटलं नाही पाहिजे."

आतून गाण्याचा आवाज आला तेव्हा आम्ही सगळे थांबलो. आतलं दार उघडंच होतं; भाऊ बाहेरच्या दाराच्या काचेतून स्टेजकडे बघत होते. नाटकभर दिवे सपाट पांढरे होते, राजाला आणि शिपायाला एकच उजेड. एकदा भाऊंचा हात वर गेला, बटण फिरवल्यासारखा, आणि खाली आला.

कार्यक्रम पार पडला. मग दुसऱ्या मंडळांचेही पार पडले. काही आठवड्यांनी युनियननं मालकाशी करार केला. आम्ही परत कामावर गेलो, पण दिव्यांची निम्मी कामं बाहेरच्या कंपनीकडे गेली. कराराप्रमाणे विमा ठेवायला जेवढं काम लागतं, तेवढं भाऊंच्या वाट्याला येईना. पुढच्या उन्हाळ्यात विमा बंद झाला. मी भेटायला गेले की वहिनी चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरत आणि तोंड खाली नेत. पोळ्या विकतच्या येत.

मंडळावर भाऊ रागावल्याचं मी पाहिलं नाही. पुढल्या वर्षी दिवाळी सरल्यावर ठेवलेल्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं तेव्हा म्हणाले, "तोवर आम्ही नसणार." लास वेगासला थिएटरं पुष्कळ, तिथल्या युनियनकडे काम पुष्कळ. ओळखीच्या माणसानं जागा मिळवून दिली होती. विमा सुरू व्हायला काही महिने लागतील, पण होईल.

ते निघाले तो निवडणुकीचा दिवस होता. सामानाची गाडी भरली होती. मी निरोप द्यायला गेले, तर भाऊ म्हणाले, "आधी मत." पोस्टानं पाठवता येत होतं, पण ते त्यांना पटत नसे.

चर्चच्या हॉलबाहेर रांग रस्त्यापर्यंत आली होती. वहिनी गाडीत पुढच्या सीटवर उशांमध्ये बसल्या होत्या. मी खिडकीशी उभी राहिले. "एका मतानं काय होते म्हणा," वहिनी म्हणाल्या. "पण ऐकणार आहेत थोडेच."

रांगेत अगदी पुढे तो अध्यक्ष होता. त्याला नुकतंच नागरिकत्व मिळालं होतं, पहिलंच मत. त्यानं भाऊंना पाहिलं, मग गाडीकडे, वहिनींकडे. तो रांगेतून मागे आला.

"काका, माझ्या जागी जा तुम्ही. मी तुमच्या जागी थांबतो."

"तू पहिल्यांदा आला आहेस न?"

"थांबतो मी. काकू खोळंबल्यात."

भाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. मग ते पुढे गेले, पण लगेच त्या जागेवर उभे राहिले नाहीत. त्या जागेमागच्या प्रत्येक माणसाकडे जाऊन त्यांनी विचारलं, माझी बायको आजारी आहे, मी पुढे गेलो तर चालेल का? एक चिनी आजोबा, पोर कडेवर घेतलेली बाई, दोन कॉलेजची मुलं. सगळे हो म्हणाले. शेवटच्यानं मान हलवली तेव्हा कुठे भाऊ त्या जागेवर गेले. एवढ्या वेळात रांग बरीच पुढे सरकली होती.

बाहेर आले ते घाईनं. गाडी सुरू केली, वहिनींचा पट्टा लावला, उशी नीट केली. मला म्हणाले, "जेवत जा वेळेवर." गाडी सिग्नलला वळली.

अध्यक्ष अजून रांगेतच होता. मी त्याच्याजवळ गेले.

"मावशी, काकूंना काय झालंय?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. इंजेक्शनाचं, विम्याचं, सगळं. तो ऐकत राहिला. रांग पुढे सरकली तरी तो जागचा हलला नाही. मागच्या माणसानं त्याला हात लावून पुढे जायला सांगितलं.