सरासरीशी माझं भांडण

बंगळूरच्या ज्या शाळेत मी गणित शिकवायचो, तिथला खडूसुद्धा मला टरकून असे. मी वर्गात शिरलो की आपणहून फळ्यावर चढायचा. आमचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. घरात मराठी, शाळेत कन्नड आणि भांडणात दोन्ही. एकोणीसशे साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी जे सगळ्यात मोठं भांडण केलं, ते आठवीतल्या एका शिंप्याच्या मुलीवरून.

ही पोर बापाच्या दुकानात पावकी-दिडकी पाठ करत वाढलेली. साडेतीन वार कापड, अडीच रुपये वार, असं म्हणायचा अवकाश, तुमचं तोंड मिटायच्या आत ती ‘पावणेनऊ’ म्हणून मोकळी. तिमाहीत तिनं नुसती उत्तरं लिहिली. आमच्याकडे रीत नाही तर गुण नाहीत, पाच मिळाले. बीजगणितात तर तिनं मला विचारलं, “मास्तर, हा क्ष म्हणजे किती वार?” वर्ग इतका हसला की कौलं सरकली. ती हसली नाही. रोज शाळा सुटल्यावर क्षच्या मानगुटीवर बसली. सहामाहीला वीस. वार्षिकला एकाहत्तर, आणि रीत अशी स्वच्छ, की मीच तिच्याकडून शिकावी.

पण निकाल लागायचा तिन्ही परीक्षांच्या सरासरीवर. सरासरी आली बत्तीस, पासाला पस्तीस. बाप आधीच सांगून गेला होता, “नापास झाली तर मशीनवर बसेल, मास्तर. मलाही एक हात हवाच आहे.”

मी सायकल काढली आणि हेडमास्तरांचं घर गाठलं. ते बनशंकरीला. तेव्हा बनशंकरी म्हणजे देऊळ आणि शेतं. कावळेसुद्धा तिकडे निघताना डबा बांधून घ्यायचे. हेडमास्तर ओसरीवर कॉफी पीत होते, अंगणात त्यांची नात कोंबडीमागे धावत होती. बोलणं सगळं कन्नडात झालं, त्याचं हे मराठी; ‘मेष्ट्रे’ म्हणजे मीच, मास्तर.

“नियम म्हणजे नियम, मेष्ट्रे. वर्षभराची सरासरी.”

“सर, ही तुमची नात दसऱ्याला रांगत होती. आज धावतेय. सरासरी काढून तिला आता गुडघ्यावर बसवणार का?”

ते कॉफी प्यायचे थांबले. मला वाटलं, जिंकलो. पण हेडमास्तर काही उगाच हेडमास्तर झाले नव्हते.

“शेवटी काय येतं तेच मोजायचं म्हणता? मग तुमचा पुतण्या? तिमाहीला अडुसष्ट, वार्षिकला सतरा. सरासरीनं तो पास आहे. तुमच्या हिशेबानं खाली जातो. सरी? चालेल?”

पुतण्या त्याच वर्गात होता. माझ्या डोळ्यांपुढे वहिनी उभी राहिली, हातात झारा. क्षणभर मला सरासरी फार सुंदर वाटली, खोटं कशाला सांगू!

“सरी,” मी म्हटलं. “जाऊ दे खाली. पण अशांची शाळा उघडायच्या आत फेरपरीक्षा घ्या. सुटीत मी शिकवतो, फुकट.”

त्यांनी मिशी ओढली. “स्वल्प थांबा,” म्हणून आत गेले, माझ्यासाठी कॉफी घेऊन आले. “गणितापुरतं करून बघू. यंदा.”

घरी वहिनीनं ऐकून घेतलं आणि माझ्या भातावरचं तूप बंद केलं ते पार श्रावणापर्यंत. पुतण्या म्हणाला, “चिक्कप्पा, तुम्ही आमचे की तिचे?”

“अडुसष्टाचे सतरा कसे झाले, त्याचं आधी बोल,” म्हणून मी त्याला गच्चीवर नेलं. सुटीभर त्याला इतकी उदाहरणं घातली की शेजारचा पोपट वर्गमुळं बोलू लागला. फेरपरीक्षेत निघाला तो, घासत-पुसत.

त्याआधी निकालाच्या दिवशी शिंपी मुलीला घेऊन आला होता, गळ्यात टेप तशीच. मी सांगितलं, “पास.”

तो म्हणाला, “बरं झालं. पण मास्तर, माझा हात गेला हो.”

“संध्याकाळी मिळेल, अण्णा,” मुलगीच म्हणाली. “गृहपाठ झाल्यावर.”