देवाला न चालणारा गुलाब

प्रेमदिनाच्या सकाळी फुलवालीपुढे अख्खा तालुका लोटला होता. मी नेहमीसारखा पूजेची फुलं घेत होतो. शेजारच्या सत्तरीच्या आजोबांनी गुलाब उचलून नाकाला लावला.

फुलवाली करवादली, "बाबा, वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही."

"देवाला नाहीच ते. आमच्या हिला आहे."

चोरून लग्नं लावणाऱ्या कुणा संतामुळे हा सण सुरू झाला म्हणे. माझं तर हजार माणसांसमोर लागलं. तेव्हापासून देवाला सात ट्रक फुलं वाहिली असतील, बायकोला पाकळीही नाही. शेवटी पुड्यातला गुलाब काढून मी हुंगलाच. आता तो देताना काय बोलायचं, हे सुचेपर्यंत मी घराभोवती फेऱ्या घालतोय.