हिलालबापूंची राहिलेली मॅच

"ताई, फक्त सही करा. बाकी काही नको."

हिलालबापू तपासणीच्या खुर्चीत जेमतेम मावले होते. माझ्या डोक्याला दिवा बांधलेला, हातात भिंग, आणि समोर त्यांचा डावा डोळा. डोळ्यात जे दिसत होतं ते मी पुन्हा एकदा नीट बघून घेत होते. पहिल्यांदा दिसलं तेव्हा वाटलं, आपलंच चुकलं असेल. चुकलं नव्हतं.

"बापू, वर बघा. आता डावीकडे. हलू नका."

"हलत नाही. पण सही?"

गोष्ट नव्वदच्या दशकातली. सुरतेत कतारगामच्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात मी डोळ्यांची डॉक्टर होते. सकाळी हिरे घासणारे कारागीर यायचे, दुपारनंतर मिलमधली माणसं. मी मूळची अमळनेरची. दवाखान्यात अहिराणी समजणारी डॉक्टर आहे हे खान्देशी वस्त्यांमध्ये पसरलं होतं, त्यामुळे उधना, लिंबायत, अगदी शहराबाहेरच्या सचिन गावापासून लोक दोन बस बदलून माझ्याकडे येत.

बापू, म्हणजे हिलाल पाटील, सचिनच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये गेटवर जमादार होते. चाळिशीकडे झुकलेले, सहा फुटांच्या वर, मान नाहीच, खांद्यावर थेट डोकं. मिलच्या डॉक्टरनं त्यांना माझ्याकडे पाठवलं, कारण त्यांनी सहज म्हणून सांगून टाकलं होतं की डाव्या डोळ्यासमोर ठिणग्या उडतात आणि काळ्या माश्या फिरतात. आठवड्याभरात त्यांची बॉक्सिंगची मॅच होती. त्यासाठी डोळ्यांचा फिटनेस लागत होता.

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. कॅमेऱ्यातल्या फिल्मसारखा. आपण बघतो ते त्याच्यावर उमटतं. बापूंच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला वरच्या कोपऱ्यात फाट गेली होती आणि फाटीभोवती तो किंचित उचलला गेला होता. भिंतीवर चिकटवलेल्या कागदाला चीर पडावी आणि चिरेतून मागे पाणी शिरावं, तसं. पाणी शिरत राहिलं की सगळा कागद सुटून येतो. डोक्यावर एक जोराचा ठोसा बसला असता तर ते काम एका क्षणात झालं असतं.

मी कागदावर डोळा काढून त्यांना हे सगळं समजावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"इलाज आहे?"

"आहे. क्रायो म्हणतात. डोळ्याच्या बाहेरून एक गार सळई टेकवायची. आत फाटीच्या कडेला पडदा चिकटून बसतो. या आठवड्यातच करू."

"मॅचनंतर करू."

"मॅचच नाही बापू. ही नाही आणि पुढचीही नाही. बॉक्सिंग बंद."

त्यांनी आपल्या हातांकडे बघितलं. मग अहिराणीत म्हणाले, "ताई, मी अजून खेळनूच नही." मी अजून खेळलोच नाही.

मला कळेना. मिलच्या डॉक्टरनं चिठ्ठीत लिहिलं होतं, माजी चॅम्पियन.

बापूंनी मग सांगितलं. तापीकाठच्या गावातून ते पोरवयात फौजेत भरती झाले. अंगापिंडानं असे, की एका सुभेदारानं त्यांना परेडच्या रांगेतून बाजूला काढलं आणि बॉक्सिंगच्या टीममध्ये टाकलं. बॉक्सिंगमध्ये बरोबरीच्या वजनाचे लोक लढवतात. हलक्या वजनांत आपल्याकडे मुलांची रांग लागते. हेवीवेट म्हणजे ऐंशी किलोच्या वरचा गडी. असे मुळात कमी, त्यातले बॉक्सिंगला येणारे आणखी कमी. बापू वर्षभर सराव करायचे, पहाटे दोर उडवायचे, वाळूची पोती बडवायचे. मग स्पर्धा यायची, आणि समोरचा खेळाडू आजारी पडायचा, किंवा वजनात बसायचा नाही, किंवा मुळात नावच कुणी दिलेलं नसायचं. रेफरी बापूंना रिंगमध्ये बोलवायचा, समोरच्या रिकाम्या कोपऱ्याकडे बघायचा आणि बापूंचा हात वर करायचा. याला वॉकओव्हर म्हणतात. मेडल मिळायचं, फोटो निघायचा.

"घरात मेडलं आहेत ताई. बायको म्हणते, एवढी मेडलं आणि नाक सरळ कसं?"

खऱ्या मॅच मोजक्याच झाल्या. त्यातली एक ते फार रंगवून सांगत. कोलकात्याची. समोर रेल्वेचा एक खेळाडू होता. पहिल्या राउंडमध्ये त्यानं बापूंना इतका मार दिला, की बापूंना आनंद झाला. हाच शब्द त्यांनी वापरला. दुसऱ्या राउंडला बापूंची भुवई फुटली आणि डॉक्टरनं मॅच थांबवली. बापू हरले. त्यानंतर तसा जोडीदार मिळाला नाही. पुढे फौज सुटली, सुरत आली, गेट आलं.

आणि आता, इतक्या वर्षांनी, हजीऱ्याच्या एका प्लांटमध्ये जगबीर नावाचा हरियाणाचा सिक्युरिटी सुपरवायझर आला होता. नेव्हीतला माजी बॉक्सर. वजन बापूंइतकंच. कारखान्यांच्या स्पोर्ट्स डेला दोघांची तीन राउंडची एक्झिबिशन मॅच, म्हणजे हार-जीत नसलेली, नुसती दाखवायची, ठरली होती.

"ताई," बापू म्हणाले, "तुम्ही ऑपरेशन शिकलात. समजा आयुष्यभर तुमच्याकडे पेशंटच आला नाही. आणि आता एक आला. तुम्ही काय कराल?"

मी कागदावर अनफिट लिहिलं आणि सही केली. त्यांनी तो घडी करून खिशात ठेवला आणि उठले.

"बरं शे," ठीक आहे, एवढंच म्हणाले आणि गेले. क्रायोची तारीख घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मिलचे मॅनेजर स्वतः दवाखान्यात आले. माणूस सज्जन होता, पण कार्यक्रमाची पोस्टरं लागलेली होती.

"मेडम, आ तो खाली एक्झिबिशन छे. कोई जीतवानुं नथी, कोई हारवानुं नथी."

"डोळ्याला एक्झिबिशन कळत नाही, भाई."

"हेल्मेट पहेरशे ने!"

"हेल्मेटनं कपाळ फुटत नाही. आतला हादरा तेवढाच बसतो."

"बीजा डॉक्टर पासे जाय तो?"

हीच मला भीती होती. शहरात डॉक्टर खूप होते. डोळ्यात औषध न घालता, टॉर्च मारून फिट लिहून देणारेही होते. मी मॅनेजरना म्हटलं, "जाऊ दे त्यांना. फक्त मॅचनंतर डावा डोळा गेला तर गेटवर पुढे काय करतील ते, तेवढं आधी ठरवून ठेवा." ते उठून गेले.

पुढचे दोन-तीन दिवस मी बापूंची वाट बघितली. त्यांच्याच मिलमधला एक बॉयलरवाला चष्म्यासाठी आला होता. त्याला विचारलं, तर बापूंबद्दल भरभरून बोलला. मिलमध्ये ओरिसाची, यूपीची, खान्देशची माणसं. पगाराच्या दिवशी पिऊन मारामाऱ्या व्हायच्या. बापू मध्ये जाऊन उभे राहायचे, दोन्ही हात पाठीमागे बांधून. लोक त्यांच्या छातीवर बुक्के मारायचे, दमायचे आणि मग रडायला लागायचे. बापूंनी कुणावर हात उचललेला कुणी पाहिला नव्हता.

"एकदा मी विचारलं," बॉयलरवाला म्हणाला, "बापू, एक ठेवून द्या ना. तर म्हणतात, अरे, तो माझ्या वजनाचा नाही."

त्याच आठवड्यात एका दुपारी ओपीडीबाहेर हशा ऐकू आला. खिडकीतून बघितलं तर एक स्कूटर येत होती. स्कूटरवर दोन अगडबंब माणसं, मागचं चाक पार बसलेलं. मागे बापू होते. चालवणारा आत आला, मला नमस्कार केला आणि म्हणाला, "मैडम, मैं जगबीर. इनका इलाज कर दीजिए."

घडलं होतं ते असं. बापू दुसऱ्या डॉक्टरकडे गेले नव्हते. ते थेट हजीऱ्याला गेले आणि जगबीरला म्हणाले, तू मला फक्त अंगावर मार, तोंडावर नको. डोळ्याचं असं असं आहे. जगबीरनं सगळं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाला.

"मैडम, तोंड सोडून मारायचं म्हणजे काय? मी पण किती वर्षं थांबलोय. अधूरी लढाई मुझे नहीं चाहिए." तो मध्येच हिंदी, मध्येच सुरतेत उचललेलं मराठी बोलत होता. मग बापूंकडे वळून म्हणाला, "और आँख गई तो मैं क्या मुँह दिखाऊँगा भाभी को?"

बापू भिंतीकडे बघत उभे होते. म्हणाले, "ताई, करा काय करायचं ते."

त्याच दिवशी केलं. डोळ्याला बधिर करणारं इंजेक्शन दिलं. सळई टेकवताना आत पडदा पांढरा होताना दिसतो. गोठला की पुढची जागा. बापू दगडासारखे निश्चल पडून होते. बाहेर बाकावर जगबीर आणि निरोप मिळताच आलेल्या बापूंच्या पत्नी सुमनताई बसल्या होत्या. मी बाहेर आले तशा सुमनताईंनी विचारलं, "डोया वाचना का?"

"वाचला. पण पुन्हा ठोसा नको."

"बरं व्हयनं," त्या म्हणाल्या. मग हळूच म्हणाल्या, "पण रोज पहाटे उठीसन गच्चीवर एकलाच हात चालाडे. आते काय करी तो?" एकटाच ठोसे मारायचा, आता काय करेल.

स्पोर्ट्स डे हजीऱ्यातच होता. रिंगजवळ डॉक्टर लागतो म्हणून मलाच बोलावलं होतं. संध्याकाळचं खारं वारं, मैदानात बांधलेली रिंग, तरुण कामगारांच्या दोन-चार मॅच झाल्या. शेवटी माइकवर हेवीवेटची नावं पुकारली. जगबीर ग्लोव्हज घालून रिंगमध्ये चढला. बापू डोळ्याला पट्टी लावून माझ्या शेजारी खुर्चीत होते. मिलचे मॅनेजर दुसऱ्या बाजूला. रेफरीनं रिकाम्या कोपऱ्याकडे बघितलं आणि जगबीरचा हात धरला. जगबीरनं तो सोडवून घेतला, बापूंकडे बघून मान झुकवली आणि खाली उतरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आपण कशासाठी वाजवतोय हे बहुतेकांना माहीत नसावं.

मंडप रिकामा होत होता. आमच्या तिघांसमोर चहा आला. जगबीर बापूंच्या समोर खुर्ची ओढून बसला.

"पाटीलसाब, पहिला राउंड. मी लेफ्ट जॅबनं सुरू करतो."

बापूंनी कप खाली ठेवला. "मी जवळ येऊ देतो. दोन खातो."

"तीसरा?"

"तिसऱ्याला खाली वाकतो. तुझी बरगडी उघडी आहे."

"लागली," जगबीर म्हणाला आणि खरोखर कळवळल्यासारखा वाकला. "पण मी मिठी मारतो. रेफरी सोडवतो."

हात मांडीवरच होते. खांदे तेवढे हलत होते. त्यांनी पहिला राउंड असा पूर्ण खेळला. मध्ये मिनिटभर गप्प बसले, खऱ्या मॅचमध्ये बसतात तसे. मग दुसरा. दुसऱ्यात बापूंनी जगबीरला दोरापर्यंत रेटला, जगबीरनं बापूंना एकदा गुडघ्यावर आणलं. बापू हसत होते. त्यांचा तो चेहरा मी दवाखान्यात कधी पाहिला नव्हता.

दुसरा राउंड संपला. पुन्हा मिनिट गेलं. मग आणखी एक गेलं.

"आणि तिसरा?" मी विचारलं.

जगबीरनं बापूंकडे बघितलं.

"तो नाही सांगता येत ताई," बापू म्हणाले. "तिसऱ्यात दम संपलेला असतो. ठरवलेलं काही होत नाही. आत काय उरलंय ते तिथेच कळतं. तो खेळावाच लागतो."

जगबीरनं त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. चहा गार झाला होता. तो तसाच पिऊन आम्ही उठलो.

बापू पुढे तीन-तीन महिन्यांनी तपासणीला येत राहिले. पडदा छान चिकटला होता. तक्त्यावरची शेवटची ओळही ते वाचायचे. पहाटे गच्चीवर जातात का, हे मी एकदाच विचारलं. म्हणाले, "जातो. उभा राहतो थोडा वेळ." जगबीरची बदली झाली. मग बापूंची मिल बंद पडली आणि ते कुटुंबासह गावाकडे गेले. मिलमधली इतर माणसं येत राहिली, त्यांच्याकडून एकदोनदा खुशाली कळली, मग तीही थांबली. मी निवृत्त होऊन आता बरीच वर्षं झाली. बाजारात गर्दीच्या वर एखादं रुंद खांद्यांचं माणूस दिसलं की मी अजून थांबून बघते. बापू नसतात.

वैद्यकीय हिशेबानं ही माझी यशस्वी केस. डोळा वाचला, नजर पूर्ण राहिली, मी लिहिलेला अनफिटचा शेरा बरोबर होता आणि आजही मी तोच लिहीन. पण माझ्या हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येक डॉक्टरला मी एक गोष्ट बजावत आले. पेशंटला नाही म्हणायची वेळ आली तर घाईत म्हणू नका. त्याला बसवा, तो काय सोडून देणार आहे ते आधी त्याच्या तोंडून ऐका, आणि मग म्हणा. इलाज तोच राहतो. फक्त आपलं 'नाही' दोन मिनिटांत म्हणून होतं, आणि ते 'नाही' घेऊन घरी त्याला जायचं असतं.